सातवा आठवडा

सातवा आठवडा आमचा आहे.
फेब्रुवारीतला. शनिवारी दुपारी चारपासून
पुढच्या शनिवारी सकाळी दहापर्यंत
खोली क्रमांक तीनशे बारा, तिची दोन कपाटं,
गळका नळ आणि बाल्कनीतून दिसणारी समुद्राची तिरकी फट
ही क्लेटन आणि इर्मा हॉलोवेल यांची मालमत्ता,
असं फ्लोरिडातल्या एका कचेरीच्या दप्तरात लिहिलंय.
उरलेले एक्कावन्न आठवडे
टोलेडोत बर्फ उपसण्यात जातात.

कार्ड सोनेरी होतं.
खरं तर मोहरीच्या रंगाचं, पण आम्ही सोनेरी म्हणायचो.
ते दाखवलं की वाळूवर दोन खुर्च्या, एक निळी छत्री,
कोळंबीवर दहा टक्के सूट,
रविवारी पॅनकेक,
आणि शेवटच्या दिवशी दहाऐवजी दोनपर्यंत मुक्काम.

ते चार तास!
सव्वीस वर्षं त्या चार तासांत आम्ही काहीही केलं नाही.
बॅगा दाराशी, इर्मा ओल्या केसांनी पलंगावर आडवी,
शेजारी मी, बूट घालून.
खाली गाड्यांची दारं धडाधड लागत असताना
न निघण्याची चैन.

ऑक्टोबरात पाकीट आलं.
कंपनीला दुसऱ्या कंपनीनं गिळलं होतं.
वर ठळक अक्षरांत आमच्या निष्ठेबद्दल आभार,
खाली बारीक अक्षरांत त्या निष्ठेचे पॉइंट: शून्य.
म्हणजे आठवडा आमचाच.
खुर्ची नाही.
देखभालीचं बिल मात्र कधी पत्ता चुकत नाही,
ते एकशे चाळीस डॉलरनं बाळसं धरून आलं.

नव्वद मिनिटं बसलात तर नाश्ता फुकट, म्हणाले.
बसलो.
ट्रेंट नावाचा पोरगा, नातवाच्या वयाचा,
त्यानं पडद्यावर हवाई दाखवलं, बर्फाचे डोंगर दाखवले.
(बर्फ! आम्हाला!)
अकरा हजार भरा की सगळं परत,
वर तीस वर्षांची हमी.
इर्मानं पर्समधून पेन काढलं. माझ्या पोटात गोळा आला.
तिनं कागदी रुमालावर बेरीज मांडली,
एकोणऐंशी अधिक तीस,
आणि रुमाल त्याच्याकडे वळवला.
पोरगा वाईट नव्हता. लाजला.
मग म्हणाला, तुमच्यामागं मुलांना मिळेल की.
आमच्या वॉरननं वकिलामार्फत लेखी कळवलंय,
नको म्हणून.
ते काही आम्ही बोललो नाही. अंडी गार होत होती.

लोकांची घरं जातात, आमची छत्री गेली,
मला फरक कळतो.
चाळीस वर्षं बसची इंजिनं उघडली आहेत मी,
काय मोडलंय आणि काय नुसतं वाजतंय,
एवढं कळतं.

दुकानातून घडीच्या दोन खुर्च्या आणल्या,
निळ्या छत्र्यांच्या रांगेमागं मांडल्या.
चारच्या सुमारास
कुणाच्या तरी प्लॅटिनम छत्रीची सावली
सरकत सरकत आमच्यापर्यंत आली.
इर्मानं पाय आखडून घेतले.
थोड्या वेळानं, मी बघत नाही असं बघून,
पुन्हा पसरले.

शनिवारी बॅगा दाराशी ठेवल्या.
केस ओले. मी बूट घातलेला.
घड्याळात दहा वाजले आणि कुणीच उठलं नाही.
जिन्यावर बादलीचा आवाज.
दारावर टकटक, मग थांबून परत टकटक.
इर्मानं माझ्या तोंडावर हात ठेवला,
तिला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं.
दहा वाजून वीस मिनिटं.
आम्ही आठव्या आठवड्यात होतो,
दुसऱ्या कुणाच्या तरी.